शंखात राहणारा टांगानिकाचा मासा: घरच्या टाकीत मल्टीची वसाहत कशी वसवावी

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या तळाशी काही ठिकाणी रिकाम्या शंखांचा खच पडलेला असतो. निओथॉमा नावाची गोगलगाय मेली की तिचा शंख तिथेच राहतो. सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त आणि अल्कधर्मी आहे की चुन्याचा शंख त्यात विरघळत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शंख साचत जातात. या शंखांत एक चिमुकला पट्टेदार मासा घर करतो: निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशिएटस, हौशी मंडळींच्या भाषेत ‘मल्टी’. नर साडेचार सेंटिमीटरपर्यंत, मादी जेमतेम तीन. सिक्लिड कुळातल्या सर्वांत लहान माशांपैकी हा एक. १९०६ मध्ये जॉर्ज बूलेंजर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांत पसरलेल्या, १४७० मीटर खोल अशा या एका सरोवराबाहेर तो निसर्गात कुठेही सापडत नाही.

आकार लहान, पण वागणं मोठ्या माशाचं. शंखासाठी भांडतो, तोंडात वाळू भरून खड्डे खणतो, पिल्लांवर पहारा देतो, टाकीत हात घातला तर बोटावर चालून येतो. दोन फुटांच्या टाकीत अख्खी वसाहत बघायला मिळते, हे त्याचं खरं आकर्षण. आपल्याकडे बहुतेक जण आधी मासा आणतात, मग टाकी लावतात आणि पाण्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. मल्टीच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा हवा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत आणि पाण्यावर मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे.

पायरी १: आपलं पाणी ओळखा

टांगानिकाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.६ ते ९.२. घरच्या टाकीत ८ ते ९ च्या मधला कुठलाही स्थिर आकडा चालतो. त्याखेरीज दोन मोजमापं लागतात. जीएच म्हणजे एकूण कठीणपणा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. केएच म्हणजे बायकार्बोनेटची ताकद, जी सामू टिकवून धरते. दोन्ही १० ते १५ अंशांत ठेवा. एक अंश म्हणजे साधारण १७.९ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). थेंब टाकून रंग बदलणारं टेस्ट किट घ्या. पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्यांचे आकडे ढोबळ असतात.

अनेकांकडे आरओवाल्याने दिलेला टीडीएस मीटर असतो आणि त्यावरच सगळे निष्कर्ष काढले जातात. तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार आहेत तेवढंच सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस भरपूर दिसेल, पण त्या खारेपणात सोडियमचा वाटा मोठा असतो. ते पाणी मल्टीला आपोआप मानवेल असं समजू नका. याउलट बसाल्टच्या इतर भागांत बोअरच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते या माशासाठी चांगलं निघण्याची शक्यता मोठी. मराठवाड्यातल्या किंवा पुण्याच्या उपनगरातल्या बोअरवाल्या सोसायटीत राहणाऱ्याने प्लँटेड, म्हणजे पाणवनस्पतींच्या, टाकीचा हट्ट धरून आरओचं पाणी विकत आणण्यापेक्षा हा मासा पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोअरचं पाणी मात्र उपसल्या उपसल्या टाकीत ओतू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. पिंपात एअर स्टोन लावून एक दिवस हवा द्या, मग सामू मोजा. शेतीच्या भागात नायट्रेटही तपासा. खतं झिरपून ते वाढलेलं असतं आणि उकळून जात नाही. जीएच २० च्या वर असेल तर थोडं आरओचं पाणी मिसळून खाली आणा. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी ‘जडच तर आहे’ म्हणून वापरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळा. त्यात चांगल्या क्षारांबरोबर नायट्रेटही दाटलेलं असतं.

मुंबईकरांचा प्रश्न वेगळा. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी पावसाचं, मऊ. पुण्याला खडकवासल्यातून येणारंही तसंच. या पाण्याला दोन गोष्टी जोडाव्या लागतात. खाण्याचा सोडा केएच वाढवतो आणि एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जीएच वाढवतं. मॅग्नेशियमच का? कारण टांगानिकाच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त असतं. हिशोब असा:

- ५० लिटर पाण्यात ६ ग्रॅम सोडा टाकला की केएच सुमारे ४ अंशांनी वाढतो.
- ५० लिटर पाण्यात ९ ग्रॅम एप्सम सॉल्ट टाकलं की जीएच सुमारे ४ अंशांनी वाढतो.

नळाच्या पाण्याचा केएच २ आणि जीएच ३ असेल, तर ५० लिटरला १२ ग्रॅम सोडा आणि १५ ग्रॅम एप्सम सॉल्ट पुरतं. दर आठवड्याच्या दहा लिटरच्या बादलीसाठी तेच प्रमाण अडीच ग्रॅम आणि तीन ग्रॅम इतकं येतं. छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याचा भरवसा धरू नका. आणि हो, बेकिंग सोडाच; बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतं. एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानातलं, बिनसुगंधी घ्या. कृषी केंद्रात पोत्याने मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट खताच्या प्रतीचं असतं, ते पिकालाच घाला.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटीक्लोरीन वापरा, किंवा पाणी एक दिवस हवा देऊन ठेवा.

पायरी २: टाकी आणि वाळू

दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट ही टाकी सुरुवातीला उत्तम. हिशोबाने ती ५४ लिटरची, प्रत्यक्षात वाळू आणि शंख गेल्यावर पंचेचाळीसच्या आसपास पाणी राहतं. दुकानदार त्याच किमतीत उंच टाकी दाखवेल, घेऊ नका. हा मासा तळावर जगतो, वरचं पाणी त्याच्या उपयोगाचं नाही. तळाचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकी कुटुंबं जास्त.

वाळूचा थर किमान पाच ते सात सेंटिमीटर. म्हणजे या टाकीला पंधरा ते अठरा किलो वाळू लागते. वजनाचा विचार स्टँड घेतानाच करा. भरलेली टाकी सत्तर किलोच्या आसपास जाते. थर एवढा जाड का, तर मल्टी शंखाभोवतीची वाळू तोंडाने उपसतो आणि शंख हवा तसा जमिनीत बसवतो. रंगीत खडे किंवा मोठी रेती टाकली तर त्याला करण्यासारखं कामच उरत नाही.

नदीची बारीक, गोल कणांची वाळू पिठाच्या नाही पण रव्याच्या चाळणीने चाळून घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. बांधकामाची क्रश सँड नको. ती दगड फोडून केलेली असते, कणांना धार असते आणि हा मासा दिवसभर वाळू तोंडात घेतो. वाळूवर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर इतर टाक्यांसाठी ती बाद ठरते. इथे उलट आनंद माना, तो चुनाच आहे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवला तरी चालतो. तो हळूहळू विरघळतो आणि सामू पार घसरू देत नाही, पण तेवढ्याने टांगानिकाचं पाणी तयार होत नाही.

दोन-तीन गुळगुळीत दगड ठेवायचे असतील तर वाळू घालण्याआधी थेट काचेवर टेकवा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालून हे मासे वाळू काढतात आणि दगड कलंडतो. झाडांत व्हॅलिस्नेरिया जड पाण्यात छान वाढते, टांगानिकातही ती आहे. मासे ती उपटून टाकतील, तुम्ही पुन्हा लावाल. हा खेळ नको असेल तर दगडाला बांधलेलं अॅन्युबियास बरं.

पायरी ३: शंख

एका माशामागे किमान तीन शंख धरा. कमी शंख म्हणजे भांडण. तोंड दीड ते दोन सेंटिमीटरचं, आतून गुळगुळीत आणि वळण आत निमुळतं होत जाणारं हवं, म्हणजे मासा आत शिरून दिसेनासा होतो.

निओथॉमा ज्या व्हिव्हिपॅरिडी कुळातली, त्याच कुळातली बेलॅमिया ही पट्ट्यांची गोगलगाय आपल्या तळ्यांत आणि संथ ओढ्यांत मुबलक असते. तिचे रिकामे शंख माद्यांना आणि पिल्लांना मापाचे बसतात. नरांसाठी भातखाचरांतल्या मोठ्या गोल गोगलगाईचे, म्हणजे पायलाचे, मध्यम आकाराचे शंख घ्या. फार मोठ्या शंखात मासा शिरतो, पण त्याला तो आपला वाटत नाही. समुद्रावरचे शंखही चालतात. मात्र आत खेकडा राहत नाही ना, हे बघा. शोभेच्या दुकानातले मोठे शंख घेताना जपा, काही समुद्री शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. रंग किंवा वार्निश दिलेला शंख कधीच नको.

गोळा केलेले शंख पंधरा मिनिटं उकळा, आत वाळलेलं मांस राहिलं असेल तर चिमट्याने काढा, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि वास घ्या. वास आला तर पुन्हा उकळा. कडा फुटलेले, धारदार शंख बाजूला काढा. टाकीत ते दोन वेगळ्या घोळक्यांत ठेवा आणि मधे एखादा दगड, म्हणजे दोन नरांना आपापली हद्द आखता येईल. तोंडं वरच्या बाजूला किंवा तिरकी ठेवा. फार सजावट करू नका, आठवडाभरात ते सगळं स्वतःच्या मनासारखं हलवतील.

पायरी ४: फिल्टर आणि सायकलिंग

एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर या टाकीला सर्वांत योग्य. तो पिल्लांना ओढून घेत नाही. मागे लटकणारा फिल्टर असेल तर त्याच्या नळीच्या तोंडाला स्पंज बसवा.

आता येते ती पायरी, जी गाळली की मासे मरतात आणि दोष दुकानदाराला जातो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. सामू ७ असताना त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८.५ झाला की २५ अंश तापमानाला तोच वाटा १५ टक्क्यांवर जातो. गोल्डफिशच्या टाकीत खपून जाणारा निष्काळजीपणा इथे खपत नाही. म्हणून अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये वाढेपर्यंत थांबायचं.

मासा न घालता हे करता येतं. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागर, लागतो. फक्त कल्हईचा खडा न आणता प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. ४५ लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या जवळ जातो. दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो आणि नायट्रेट दिसू लागतो. नवसागर टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचतो. या दिवसांत केएचवर लक्ष ठेवा, जिवाणू तोही खातात.

पायरी ५: मासा निवडताना

दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एकाच नावाखाली मलावी आणि टांगानिका या दोन वेगवेगळ्या सरोवरांचे मासे विकतात. मलावीचे रंगीबेरंगी मासे टाकीत आले तर मल्टी त्यांचा घास होतील. ‘शेल ड्वेलर’ या नावाखालीही ऑसिलेटस, ब्रेव्हिस, सिमिलिस असे बरेच प्रकार येतात. सिमिलिस तर जवळजवळ जुळा भाऊ. ओळखायचं असं: मल्टीचे उभे पट्टे डोक्यामागे संपतात, सिमिलिसचे पुढे डोक्यावरही जातात. दोन्ही एका टाकीत ठेवू नका, संकर होऊ शकतो.

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात अधूनमधून हे मासे येतात, पण शक्य असेल तर घरी पैदास करणाऱ्या हौशी माणसाकडून घ्या. त्याच्या पाण्याचे आकडे विचारता येतात आणि मासे जड पाण्यातच वाढलेले असतात. सहा ते आठ लहान मासे एकदम घ्या. मोठी ‘जोडी’ म्हणून विकलेले दोन मासे अनेकदा दोन नर निघतात. पोट खपाटीला गेलेलं, धाप लागलेली किंवा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात एकटा लटकलेला मासा घेऊ नका.

पायरी ६: टाकीत सोडताना

प्रवास तासाभराचा असेल तर मासे पिशवीच्या पाण्यासह बादलीत घ्या आणि नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी दीड-दोन तास सोडा. कुरिअरने रात्रभर प्रवास करून आलेल्या माशांना मात्र ही पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू घसरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली आणि वरून ८.५ सामूचं पाणी पडायला लागलं की तोच विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवी टाकीत तरंगवून तापमान जुळवा, मग उघडून मासे जाळीने उचला आणि लगेच टाकीत सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. पाठवणाऱ्याच्या पाण्याचे आकडे आधी विचारून टाकीचं पाणी त्याच्या जवळ आणून ठेवलं असेल तर धक्का बसत नाही.

पहिले दोन दिवस दिवा बंद ठेवा. मासे दिसले नाहीत तर शंख उचलून बघू नका.

रोजचं खाणं, पाणी आणि ऊन

निसर्गात हे मासे पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात. घरी बारीक दाण्याचं चांगलं खाद्य चिमटीने, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकं. आठवड्यातून दोन-तीन वेळा फ्रोझन सायक्लॉप्स किंवा ताजं आर्टेमिया, दोन्ही कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव. गटारातून आलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात म्हणून घालू नका.

आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी बदला, त्याच जीएच-केएचच्या आणि त्याच तापमानाच्या पाण्याने. एकदम अर्धी टाकी बदलण्याची गरज पडू देऊ नका. मधल्या दिवसांत वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना मात्र मऊ किंवा आरओचं वापरा. वाफ पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा क्षाराचं पाणी घातलं की दर आठवड्याला कठीणपणा चढत जातो.

तापमान २४ ते २७ अंश. पुण्या-नाशिकच्या थंडीत पन्नास वॉटचा हीटर पुरे. विदर्भाचा उन्हाळा जास्त कठीण. टाकी खालच्या मजल्यावर, भिंतीच्या सावलीत ठेवा, झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोन-तीन अंश सहज उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये हवा कमी करू नका आणि लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात ठेवा.

सोबतीला दुसरा मासा? माझ्या मते कुणीच नको. टाकी साफ राहील म्हणून दुकानदार हमखास सकर फिश गळ्यात मारतो. तो रात्री अंडी खातो आणि फुटाच्या वर वाढतो.

पिल्लं

पाणी स्थिर असेल तर पिल्लांसाठी काही वेगळं करावं लागत नाही. मादी शंखाच्या आत अंडी घालते, थोडकीच, आणि तोंडाशी पहारा देते. काही दिवसांनी शंखाच्या तोंडाजवळ वाळूच्या रंगाचे ठिपके हलताना दिसतात. आई-बाप त्यांना खात नाहीत. मोठी भावंडंही त्याच घोळक्यात राहतात. नुकतं उबवलेलं आर्टेमिया घाला: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, २६ ते २८ अंश, जोराची हवा आणि उजेड, की २४ तासांत आर्टेमियाच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मग टाकीत. सायफनने साफसफाई करताना पाणी पांढऱ्या बादलीत घ्या आणि ओतण्याआधी बादलीत नजर टाका.

वर्षभरात टाकी भरते. शंखात दडलेला मासा काढायचा असेल तर शंख पाण्याबाहेर घेऊन तोंड खाली करा आणि पाणी भरलेल्या भांड्यावर हळूहळू निथळू द्या. पाणी ओसरतं तसा मासा घसरून खाली येतो. हलवू नका, आपटू तर मुळीच नका. जास्तीचे मासे विहिरीत, नदीत किंवा गणपती विसर्जनाच्या तळ्यात सोडायचे नाहीत. उजनीत जाळ्यात भरभरून येणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच आहे. कुणाला देणार असाल तर आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, आणि सोबत शंख घालू नका. तो प्लास्टिक फाडतो आणि हिंदकळला की मासा त्याच्याखाली चिरडतो. शंख वेगळ्या कागदात गुंडाळून द्या आणि त्या कागदावर सामू, जीएच, केएच लिहा.